पॉलिश झालं, आता सीलंट: पट्टे का उठले आणि दुसरा हात कधी द्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "काळ्या रंगाची गाडी. दोन दिवस खपून डीए मशीनने (पॅड फिरता फिरता डुलवणाऱ्या पॉलिशिंग मशीनने) आधी कंपाऊंड (जास्त घासणारं पॉलिश) आणि मग फिनिशिंग पॉलिश केलं. पॉलिश पुसून लगेच सीलंटचा, म्हणजे रंग राखणाऱ्या लेपाचा, जाडसर थर दिला. अर्ध्या तासाने तो पुसला आणि त्यावर लगेच दुसरा दिला. रात्री ट्यूबलाइटखाली गाडी आरशासारखी दिसत होती. सकाळी उन्हात काढली तर बॉनेटवर तेलकट, सप्तरंगी पट्टे आणि छपरावर ढगाळ डाग. सीलंट नकली निघालं का? सगळं परत पॉलिश करावं लागेल का? डावं मागचं दार तीन आठवड्यांपूर्वीच नव्याने रंगवून घेतलंय, त्यावरही हेच केलं आहे."

परत पॉलिश मुळीच करू नका. सीलंट नकली असण्याची शक्यताही कमीच. रंगावरच्या पारदर्शक थराची, म्हणजे क्लिअर कोटची, जाडी बहुतेक गाड्यांवर ३५ ते ५० मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर केसाच्या जाडीपेक्षाही कमी. तुम्ही त्यातला थोडा कंपाऊंडने नुकताच उतरवला आहे आणि तो काही परत उगवत नाही. तुमचे पट्टे रंगात नाहीत, रंगावर साचलेल्या जादा सीलंटमध्ये आहेत. जे वर साचलंय ते उतरवता येतं.

उतरवायची पहिली युक्ती ऐकायला उलटी वाटते. त्याच बाटलीतलं सीलंट, अगदी दोन-तीन थेंब, ॲप्लिकेटरवर (माल लावायच्या फोमच्या तुकड्यावर) घ्यायचं, डागाच्या जागी हलक्या हाताने फिरवायचं आणि न थांबता स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून टाकायचं. ताज्या मालातलं सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा आणि नंतर उडून जाणारा द्रव, खालचा अर्धवट सुकलेला जाड थर मऊ करतं आणि सगळं मिळून कापडावर येतं. एका वेळी एक फूट बाय एक फूट एवढीच जागा घ्या. बॉनेटचे पट्टे बहुधा यानेच जातील. छपरावरचे ढग नाही गेले तर त्याचा उपाय पुढे सांगतो. आधी हे घडलं का ते समजून घ्या, नाहीतर पुढच्या खेपेला पुन्हा इथेच याल.

पॉलिशमध्ये घासणाऱ्या कणांबरोबर तेलंही असतात. पॅड आणि रंग यांच्यामध्ये वंगण लागतं म्हणून ती घातलेली असतात. काम झाल्यावर आपण कापडाने जे पुसतो ती वरवरची पांढरी भुकटी. तेलाचा पातळ पापुद्रा तसाच राहतो. तो दोन प्रकारे फसवतो. एक, बारीक ओरखड्यांत तेल भरून बसतं, त्यामुळे ओरखडे गेल्यासारखे वाटतात. दोन, सीलंटला रंगापर्यंत पोचूच देत नाही. सीलंट म्हणजे बहुतेक वेळा सिलिकॉनवर्गातले कृत्रिम पॉलिमर, सॉल्व्हंटमध्ये किंवा पाण्यात मिसळलेले. सॉल्व्हंट उडून गेलं की त्यातले चिकटणारे रेणू रंगाला धरतात. मधे तेल असेल तर ते तेलाला धरतात, आणि चार-पाच वेळा गाडी धुतली की तेलासकट निघून जातात. मग लोक म्हणतात, सहा महिने टिकणार होतं, सहा आठवडेही टिकलं नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. धंद्याच्या सुरुवातीला एक गडद निळी गाडी हातात होती. रात्री उशिरा पॉलिश संपलं, दिव्याखाली एक ओरखडा दिसेना. खुशीत सीलंट मारून गाडी दिली. पंधरा दिवसांनी मालक परत आला, काही न बोलता गाडी उन्हात उभी केली आणि बॉनेटकडे बोट दाखवलं. सूर्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे सगळे गोल ओरखडे जिथल्या तिथे होते. मी ते काढलेच नव्हते, तेलाने बुजवले होते. त्या दिवसापासून पॉलिशनंतर तेल उतरवल्याशिवाय मी बाटलीचं झाकण उघडत नाही.

तेल उतरवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी पुरतं. ७० टक्क्यांची बाटली मिळाली तर तिचा १ भाग आणि डिस्टिल्ड पाण्याचे ३ ते ४ भाग. म्हणजे मिश्रण साधारण १४ ते १७.५ टक्क्यांवर येतं. याहून कडक करायचा मोह होतो, तो आवरा. जास्त तीव्र अल्कोहोल काही क्लिअर कोट तात्पुरते फुगवतं आणि मऊ करतं. शिवाय ते इतक्या झटकन उडतं की तेल विरघळायला वेळच मिळत नाही, आणि कापड कोरडं घासलं जाऊन तुम्हीच नवे ओरखडे पाडता. पॉलिशनंतर पुसायचे तयार पॅनेल वाइप मिळतात. त्यांत थोडं वंगण असतं, काळ्या आणि मऊ रंगावर ते जास्त सोयीचे. दार-खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको, हातात मोजे घाला.

पुसायची पद्धत: फवारा थेट रंगावर मारा, दोन-चार सेकंद थांबा, घडी केलेल्या मायक्रोफायबरने एकदा सरळ पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने हलका हात फिरवा. दाबायचं नाही. कापडाच्या दोन वेळा घड्या घातल्या की चौपदर होतं आणि आठ बाजू मिळतात. एक बाजू जड लागली की पुढची. एकाच बाजूने अख्खी गाडी पुसणारा माणूस तेल उतरवत नाही, नुसतं पसरवतो.

इथे एक अप्रिय गोष्ट होऊ शकते. तेल गेल्यावर काल न दिसलेले बारीक धुरकट व्रण किंवा, रोटरी (नुसतं गोल फिरणारं) मशीन वापरलं असेल तर, तिची होलोग्रामं, म्हणजे उजेडात सरकल्यासारखे दिसणारे पट्टे, उघडी पडतात. वाईट वाटतं खरं, पण ती आत्ता दिसणं फायद्याचं, कारण आत्ता फिनिशिंग पॉलिशचा एक हात मारून ती काढता येतात. टॉर्च तिरकी धरून, दिवे मालवून प्रत्येक पॅनेल बघा. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात काही कळत नाही. एकाच बिंदूतून येणारा उजेड लागतो. तुमच्या बाबतीत रात्री आरसा आणि सकाळी पट्टे हे त्यामुळेच झालं.

आता जाडी. मला वाटतं तुमची मुख्य चूक इथे आहे, आणि ती जवळपास प्रत्येकाची असते. महाग वस्तू आहे, चांगली सढळ हाताने लावू, असं वाटतं. सीलंटचा हिशेब तेलमालिशसारखा नाही. एक साधं गणित करा. मध्यम गाडीचा रंगवलेला भाग ढोबळमानाने १० चौरस मीटर धरा. त्यावर २० मिलिलिटर द्रव सारखा पसरला तर ओल्या थराची जाडी भरते २ मायक्रॉन. त्यातलं सॉल्व्हंट उडणार, वरचं आपण पुसून काढणार. उरतं ते मायक्रॉनच्याही खालचं. म्हणजे २० मिलिलिटरसुद्धा गरजेपेक्षा जास्तच आहे. मी पूर्ण गाडीला १५ ते २० मिलिलिटरवर जात नाही. तुम्ही किती वापरलं ते लिहिलेलं नाही, पण जाडसर म्हणताय म्हणजे पाव बाटली तरी गेली असावी. जादा माल रंगाला धरत नाही, त्याला धरायला जागाच नसते. तो वर तरंगत राहतो, नीट सुकत नाही, आणि पुसताना कापड त्याला इकडून तिकडे सरकवतं. तेच तुमचे सप्तरंगी पट्टे. पाण्यावर सांडलेल्या तेलात रंग दिसतात तसाच प्रकार.

लावताना असं करा. मऊ फोमचा ॲप्लिकेटर घ्या. पहिल्यांदा कोरडा असतो तेव्हा चार थेंब टाकून ते त्याच्या तोंडावर चोळून घ्या, म्हणजे तो थोडा मुरतो आणि पुढे माल कमी पितो. त्यानंतर अर्ध्या बॉनेटला दोन ते तीन थेंब. फिरवताना गोल गोल नको, सरळ रेषा. आधी लांबीने, मग त्याच जागेवर आडवं. गोल फिरवल्याने सीलंट वाईट लागतं असं नाही. पण ॲप्लिकेटरखाली चुकून कण आलाच तर सरळ ओरखडा कमी दिसतो, गोल ओरखडा प्रत्येक कोनातून चमकतो. दाब बोटांच्या टोकांचा, तळहाताचा नाही. लावून झाल्यावर तिरकं बघितलं तर आरशावर श्वास सोडल्यासारखी पुसट वाफ दिसली पाहिजे. ओली चकाकी किंवा ओघळ दिसला तर माल जास्त झाला. लगेच त्याच ॲप्लिकेटरने बाजूच्या कोऱ्या जागेत ओढून न्या.

मशीननेही लावता येतं: काळा मऊ फिनिशिंग पॅड, डीए सगळ्यात कमी वेगावर, वजन न टाकता. थर हातापेक्षा सारखा बसतो. पण पॅड बराच माल पितो, आणि तोच पॅड पॉलिशसाठी वापरलेला असेल तर सगळी मेहनत वाया. हाताने काम छान होतं. मी स्वतः छप्पर आणि बॉनेट मशीनने करतो, बाकी हाताने, तेही पाठ वाचवायला.

काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, रबरी कडा, बंपरचा खडबडीत भाग यांवर आधी मास्किंग टेप मारा. खरखरीत प्लास्टिकच्या छिद्रांत सीलंट सुकलं की पांढरं पडतं आणि मग टूथब्रश घेऊन बसावं लागतं. पॅनेलच्या फटींत आणि बॅजच्या अक्षरांतही माल साचतो, तिथे ॲप्लिकेटर नेऊच नका.

कधी पुसायचं, याला घड्याळ लावू नका. बाटलीवर लिहिलेली मिनिटं एका ठरावीक हवेसाठी असतात. पॅनेल गार असेल, हवा दमट असेल तर सॉल्व्हंट उडायला वेळ लागतो. कोरड्या गरम हवेत ते क्षणात जातं. त्यासाठी बोटाची चाचणी आहे. मायक्रोफायबर बोटाला गुंडाळा आणि थरावरून एकदाच ओढा. खालचा रंग स्वच्छ, चकचकीत उघडा पडला आणि कडा भुकटीसारख्या सुटल्या तर पुसा. बोटामागे चिकट, तेलकट रेघ राहिली तर थांबा. दहा मिनिटांनी दुसरीकडे करून बघा. ही चाचणी प्रत्येक पॅनेलवर वेगळी करावी लागते. छप्पर आणि दार यांत फरक पडतो, सावलीची बाजू आणि उजेडाची बाजू यांतही पडतो. तुम्ही सगळीकडे अर्धा तास मोजलात, तिथेच छपराने दगा दिला. काही सीलंट मात्र लावल्या लावल्या पुसायचीच असतात, त्यांना सुकू दिलं तर ती हट्टाने बसतात. बाटलीवरची ही एक सूचना तेवढी डोळे झाकून पाळा.

तापमान: हवा साधारण १० ते ३० अंशांच्या मधे आणि पॅनेल हाताला गार. हा गार शब्द महत्त्वाचा आहे. गाडी सावलीत असली तरी नुकती चालवून आणली असेल तर इंजिनच्या उष्णतेने बॉनेट तापलेलं असतं, आणि पॉलिशिंग मशीननेही पॅनेल गरम होतं. हाताची पालथी बाजू टेकवून बघा. कोमट लागलं तर चहा घ्या, मग परत या.

दुसरा थर. तुम्ही लगेच दिलात, आणि ताज्या मालातल्या सॉल्व्हंटने पहिला थर विरघळवला. दोन थर झालेच नाहीत. एकच झाला, तोही विस्कटलेला. वर ज्या गुणधर्माचा उपयोग करून पट्टे काढायला सांगितलं, तोच इथे तुमच्या मुळावर आला. पहिल्या थराला क्युअर व्हायला, म्हणजे आतून घट्ट व्हायला, सर्वसाधारणपणे १२ ते २४ तास द्यावे लागतात. त्या काळात पाऊस, दव, धुणं, धूळ यांपासून गाडी दूर ठेवा. पाण्याचा थेंब पडलाच तर तो तिथे सुकू देऊ नका, कापड टेकवून टिपून घ्या.

आणि दुसरा थर कशासाठी, हेही लक्षात घ्या. चमक दुप्पट व्हावी म्हणून नाही. चमक पॉलिशने येते, सीलंट ती राखतं. पहिल्या खेपेला हात पोचला नाही अशा जागा दुसऱ्यात भरून निघतात, एवढाच त्याचा खरा उपयोग. तिसऱ्या-चौथ्या थराने मला तरी कधी फरक दिसलेला नाही. वर कार्नोबा मेण द्यायचं असेल तर सीलंट क्युअर झाल्यावर देता येतं. उलट क्रम मात्र चालत नाही, मेणावर सीलंट धरत नाही. आणि कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना वितळतं. काळं छप्पर भर उन्हात त्याच्या बरंच जवळ जाऊ शकतं, म्हणून गडद गाडीवर ते मी हौसेपुरतंच लावतो.

पाण्याचे गोल थेंब दिसले की लोक खूश होतात. थेंब उभा राहणं म्हणजे पृष्ठभाग पाणी धरत नाही, एवढंच. ताज्या पॉलिशचं तेलसुद्धा काही दिवस तसेच थेंब उभे करून दाखवतं. दोन-तीन वेळा शॅम्पूने धुतल्यावरही थेंब टिकले तर सीलंट नीट बसलं म्हणा. त्या थेंबांचा त्रासही आहे. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार थेंब सुकताना एका गोलात जमा होतात आणि पांढरी वर्तुळं उठतात. सीलंट ती अडवत नाही, फक्त लवकर आठवण झाली तर काढायला सोपं करतं. म्हणून धुतल्यावर गाडी आपोआप वाळू देऊ नका, पुसाच. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तेच. सीलंटमुळे तुम्हाला काही तास जास्त मिळतात, पण उन्हात तापलेला क्लिअर कोट मऊ पडला आणि गार होताना तिच्याभोवती आखडला की खड्डा पडायचा तो पडतो. बाटलीवर काहीही छापलेलं असो.

कापडांबद्दल एकच: मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका. तो तंतूंवर लेप चढवतो, आणि कापड शोषायचं सोडून माल फासायला लागतं. पुष्कळ पट्टे सीलंटचे नसतात, कापडाचे असतात.

आता तुमचं छप्पर. सुरुवातीला सांगितलेल्या पद्धतीने ढग गेले नाहीत, तर वर दिलेल्या अल्कोहोल मिश्रणाने छपराचा तो भाग तीन-चार वेळा पुसून बघा. नीट न सुकलेला माल त्याने बराचसा निघतो. तरीही राहिलं तर फिनिशिंग पॉलिशचा वाटाण्याएवढा थेंब, मऊ फोमवर, हाताने, मशीन न लावता, चार-पाच हात. मग पुन्हा अल्कोहोल, टॉर्च, आणि सीलंटचा पातळ थर फक्त त्या पॅनेलला. बाकी गाडीला हात लावू नका. जिथे पट्टे नाहीत तिथे तुमचं काम बरं झालेलं आहे.

राहिलं डावं मागचं दार. प्रश्नाच्या शेवटी सहज लिहिलंत, मला मात्र सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. कारखान्यातला रंग साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजलेला असतो, त्यावर पहिल्या दिवशी सीलंट मारलं तरी चालतं. गॅरेजमधला नवा रंग फार तर ६० अंशांच्या आसपास तापवतात, किंवा नुसता हवेवर वाळवतात. तो वरून कडक लागतो, पण आतलं सॉल्व्हंट पुढे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतं. त्यावर सीलंटचं झाकण घातलं तर वाळणं लांबतं, रंग मऊ राहतो, कधी मंद पडतो. म्हणून नव्या रंगावर ३० ते ९० दिवस सीलंट किंवा मेण लावू नये असं सांगितलं जातं, आणि तीन आठवडे म्हणजे ती खालची मर्यादाही गाठलेली नाही.

त्या दारावर अल्कोहोल घासू नका, रंग अजून कोवळा आहे. थोड्या कडक शॅम्पूने दोन-तीन वेळा हलक्या हाताने धुवा. जाड थर असल्यामुळे त्यातला बराचसा धुपून जाईल. मग दार उघडं राहू द्या, फक्त पाणी आणि सौम्य शॅम्पू. दाराला काही कमी-जास्त झालं आणि परत रंगवायची वेळ आली, तर रंगाऱ्याला आधीच सांगा की यावर सिलिकॉनचं सीलंट लागलेलं आहे. त्याने ते नीट उतरवलं नाही तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे उठतील, आणि तो तुम्हाला विचारेल, यावर काय लावलं होतं?